कासाकाकूचं रुखवत

आमच्या घरात बोलायला बंदी कुणालाच नव्हती, फक्त कुणी कुणाशी बोलायचं ते ठरलेलं होतं. आई दादांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी बोलायची, पण चार माणसांत नाही. आबाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. तेही दादांशी बोलायचे, पण समोर बसून नाही, दाराच्या चौकटीला टेकून. आणि आबाकाकांची बायको, आमची कासाकाकू, दादांशी उभ्या जन्मात एक शब्द बोललेली नव्हती, कारण थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं. दादांची भाकरी निवायला लागली की काकू चुलीपुढून मला म्हणायची, "नंदे, सांग तुझ्या बापाला, भाकरी गार होऊन राह्यली." दादा दोन हातांच्या अंतरावरच बसलेले असायचे. त्यांनी ऐकलेलं असायचं, हात धुवायला ते उठलेलेही असायचे, तरी मी जाऊन सांगायचे, "दादा, भाकरी गार होऊन राह्यली." मग दादा मला म्हणायचे, "सांग तिला, आलो." मी घरी नसले की काकू हेच मांजराला सांगायची. मांजर निरोप पोचवत नसे, तरी काम व्हायचं.

घनसावंगीकडून गोदावरीच्या अंगाला उतरत गेलं की आमचं गाव. कापूस, तूर, थोडा ऊस आणि भरपूर धुरळा. घरात सकाळ व्हायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. आईचा हात जड, काकूचा हलका, त्यामुळे आज कोण थापतंय ते अंथरुणातूनच कळायचं. काकूला मूलबाळ नव्हतं. माझी थोरली बहीण सुमन, जिला मी अक्का म्हणते, आणि मी, आम्ही दोघी तिच्याच अंगाखांद्यावर वाढलो. न्हाऊ-माखू घालणं, केस विंचरणं, उवा काढता काढता पाठीत धपाटा घालणं, सगळं काकूचं. आई कामाची आणि कमी बोलण्याची होती, काकू कामाची आणि अखंड बोलण्याची. पण ती बोलायची ते आमच्याशी, म्हशीशी, उतू चाललेल्या दुधाशी. पुरुषमाणूस ओसरीवर आलं की तिचं बोलणं मध्येच तुटायचं, नळ बंद करावा तसं.

हीच काकू लग्नाच्या मांडवात मात्र कुणाच्या बापाला ऐकायची नाही. आता रुखवत म्हणजे हॉलमधल्या टेबलावर मांडलेलं थर्माकोलचं घर आणि काचेच्या बांगड्यांचा गणपती. त्या वेळी तसं नव्हतं. लाडू, करंज्या, शेवया, कुरडया, पापड असं सगळं पाट्यांत भरायचं, वरून नवं कापड झाकायचं आणि मुलीकडच्या बायकांनी वाजतगाजत जानवशाला, म्हणजे वऱ्हाड उतरलेलं असेल तिथं, घेऊन जायचं. समोर विहीणबाई आपल्या बायका घेऊन बसलेली असायची. मग पाटीवरचं कापड उघडायच्या आधी दोन्हीकडून गाणी सुटायची. गाणी म्हणजे निव्वळ शिव्या, पण यमकात. काकू पदर खोचून पुढं व्हायची आणि हात नाचवत सुरू करायची:

विहीणबाई आल्या, बसायला दिली सतरंजी,
सतरंजीच खाल्ली बाई, म्हणे खुसखुशीत करंजी!

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. लगेच पलीकडून कुणीतरी उत्तर द्यायचं:

तुमच्या गावची पोळी, पोळीतून दिसलं देऊळ,
दर्शन झालं घरबसल्या, जेवाया कधी मूळ?

मूळ म्हणजे जेवायचं बोलावणं. बाहेर ओट्यावर व्याही मंडळी पान चघळत, आम्ही काही ऐकतच नाही अशा चेहऱ्यानं बसलेली असायची. कान मात्र सगळे आत. त्या तासाभरात आमच्या गावची कुठलीही बाई कुठल्याही माणसाला काहीही म्हणू शकायची. पाटलाला पळपुटा म्हणावं, तालेवार सोयऱ्याला लाडूचोर म्हणावं. कुणी रागवायचं नाही. रागावलेला माणूस त्या दिवसापुरता जातीतून उठल्यासारखा व्हायचा, लहान पोरंसुद्धा त्याला चिडवायची.

मी दहा-अकरा वर्षांची असताना मलाही ओळी जुळवायचा नाद लागला. कुणाच्या तरी लग्नात विहीणबाई एका पायानं अधू होती. मी घरी काकूला मोठ्या फुशारकीनं त्यावरची ओळ म्हणून दाखवली. काकू कणीक तिंबत होती. तिनं पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला. म्हणाली, "खोटं कितीबी म्हण. खरं एकबी म्हणायचं न्हाई. बारकीला जाडी म्हण, जाडीला काडी म्हण. दात पडलेल्या म्हातारीला ऊस सोलायला बसव. लंगडीला लंगडी म्हणलं की ते गाणं ऱ्हात न्हाई, धोंडा होतोय." मग हात काढून तिनं माझं पिठानं माखलेलं तोंड पाहिलं आणि स्वतःच हसत सुटली. पुढं मला उमगलं की हा नियम सगळ्याच बायका पाळत होत्या, कुणी शिकवला नसताना. इतक्या विहिणींनी काकूवर गाणी रचली. तिला चहाडखोर म्हटलं, झोपाळू म्हटलं, नवऱ्याला मारणारी म्हटलं. आबाकाका इतके गरीब की त्यांना मुंगीसुद्धा मारू शकली असती, पण काकूनं त्यांच्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. पण तिच्या रिकाम्या ओटीच्या वाटेला एकही बाई गेली नाही.

अक्काचं लग्न ठरलं ते नदीपलीकडच्या एका गावात. घर मोठं, पाण्याची जमीन, मुलगा दिसायला नीटस. मधे पडलेले गृहस्थ मुलाचे लांबचे मामा. आमच्याकडं तयारीचा एकच धडाका उडाला. दुपारभर ओसरीवर पाट टाकून बायका शेवया वळायच्या, अंगणात बाजेवर कुरडया वाळायच्या आणि माझं काम कावळे हाकलण्याचं. घरभर गूळ आणि वेलदोड्याचा वास कोंडलेला. आई येसराचा मसाला भाजायला बसली की सगळे शिंकायचे आणि शिंकता शिंकता हसायचे. अक्का हसायची तेव्हा तोंडाला पदर लावायची. तिला मुलगा आवडला होता की नाही हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

रुखवताला झाकायचं कापड आणि रंगीत कागद आणायला काकू घनसावंगीला गेली. येताना जीपमध्ये बायका एकमेकींच्या मांडीवर असतात तशा बसलेल्या. शेजारच्या बाईच्या मांडीवर लहान पोरगी होती. काकूच्या पिशवीतून कागद डोकावताना पाहून त्या बाईनं विचारलं, कुणाचं लगीन? काकूनं सांगितलं. कुठं दिली? काकूनं तेही सांगितलं. बाईनं मांडीवरची पोरगी जवळ ओढली आणि म्हणाली, "मी त्या घरची सून हाय, त्याच पोराची बायको. सोडलेली न्हाई, धाडलेली हाय. पोरगी झाली तवा माहेरी धाडली, मंग न्यायला कुणी आलंच न्हाई." काकूनं विचारलं, फारकत झाली का? ती म्हणाली, "कोणती फारकत? कुंकू हाय की अजून." तिनं काही मागितलं नाही, कुणाला शिव्या घातल्या नाहीत. आपला फाटा आल्यावर पोरगी कडेवर घेऊन उतरून गेली.

संध्याकाळी दादा जेवायला बसले. काकू चुलीपुढं होती, भाकरी थापायची थांबलेली. म्हणाली, "नंदे, सांग तुझ्या बापाला, नवरदेवाला बायको हाय. लेकरू हाय. मी डोळ्यांनी पाहून आले." मला सवयच होती, तोंडातून निघालंच, "दादा, काकू म्हणती नवरदेवाला बायको हाय." मग मला कळलं आपण काय बोललो ते. दादांचा घास हातातच राहिला. ते तसेच उठले.

माझे वडील वाईट माणूस नव्हते, हे मला इथं ठासून लिहायचंय. दुसऱ्या दिवशी ते त्या मामांच्या घरी गेले. मामांनी राजूरच्या गणपतीची शपथ घेतली, म्हणाले, फारकत कधीचीच झाली, बाई डोक्यानं बरोबर नाही, जीपमध्ये भेटेल त्याला हेच सांगत सुटते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी सांगून झाला होता. दादा घरी येऊन ओसरीवर बसले आणि माझ्याकडं बघून, पण घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "जीपमधल्या बाईचं ऐकून सोयरीक मोडायची? उद्या माझ्या पोरीबद्दल कुणी जीपमध्ये कायबी सांगंल. मंग तिचीबी मोडू द्यायची का? सांग तिला. ह्या घरात आता ह्यावर बोलणं बंद." त्यांच्या म्हणण्यात चूक काय होती, ते मला आजही चटकन सांगता येत नाही. ऐकीव गोष्टीवर माणसाची अब्रू जाऊ नये, असंच तर ते म्हणत होते. फक्त जी गोष्ट त्यांच्या दृष्टीनं ऐकीव होती, ती काकूनं डोळ्यांनी पाहिली होती, आणि काकूच्या डोळ्यांना त्या घरात साक्ष द्यायची सोय नव्हती. अक्का आत सगळं ऐकत होती. काकू तिच्याजवळ गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं कोण ऐकतंय काकू?"

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड शाळेत उतरलं. आम्ही पाट्या डोक्यावर घेऊन निघालो, पुढं ताशा आणि सनई. काकू सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती, म्हशीशीसुद्धा नाही. आईला वाटलं पोरगी जाणार म्हणून जीव कालवतोय. जानवशाला बायका बसल्या, नेहमीसारखी गाणी सुरू झाली. काकूनं विहिणीला लठ्ठ केलं, व्याह्यांच्या फेट्यात लाडू लपवले, सगळं ठरल्यासारखं. हसून हसून वऱ्हाडातल्या एका म्हातारीला ठसका लागला. मग काकू जराशी थांबली. पदर नीट डोक्यावर घेतला, जो ती गाताना कधीच घेत नसे, आणि म्हणाली:

नवरदेव गुणाचा बाई, नवरदेव गुणाचा,
दोन पाट मांडा बाई, दुसरा पाट कुणाचा?

सगळ्या हसल्या. सवतीवरून थट्टा नेहमीचीच होती, त्यात वावगं कुणालाच वाटलं नाही. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या शाळेच्या खोलीत आमच्याकडच्या बायकांत काकू सोडून हे खरं आहे असं मानणारी मी एकटीच होते. माझी आई, जिला सगळं माहीत होतं, तीसुद्धा सवयीनं हसत होती. मला आजही ते हसणं ऐकू येतं. भर सभेत एक बाई जीव तोडून खरं सांगतेय आणि तिचं सगळ्यांना हसू येतंय, कारण जिथं काहीही बोलायची मुभा आहे तिथं कुणी खरं बोलत असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. काकूनं पुढची ओळ म्हटली:

एका पाटावर आमची लेक, दुसऱ्यावर पहिली राणी,
मांडीवर तिच्या लेकरू बाई, डोळ्यांमधी पाणी.

हसू निम्म्यावर आलं आणि अडखळलं. रुखवताच्या गाण्यात कुणाच्या डोळ्यांत पाणी नसतं. तरी कुणी काही बोललं नसतं, गाणं असंच पुढं गेलं असतं, पाट्यांवरचं कापड उघडलं असतं आणि माझी बहीण त्या घरी गेली असती. पण विहीणबाई ताडकन उठली. "ये बाई, तोंड सांभाळ! तिला आम्ही धाडली न्हाई. ती तिच्या पायानं गेली माहेरी!"

कुणी धाडल्याचं नावच काढलं नव्हतं. खोलीत असं काही शांत झालं की बाहेरचा ताशा एकदम मोठा वाटायला लागला. वाजंत्र्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ते वाजवत राहिले. खोट्याचा राग कुणाला येत नसतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. माझ्या आईनं हातातली पाटी खाली ठेवली. ओट्यावरून दादा उठून दारात आले. आजवर कुठलाही पुरुष रुखवत चालू असताना दारात आला नव्हता. ते आत बघत नव्हते, व्याह्यांकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, फारकत झाली म्हणत व्हते ना पोराचे मामा?" व्याह्यांनी मामांकडं पाहिलं. मामा वहाणा शोधत होते.

लग्न मोडलं. वऱ्हाड जाताना धमक्या देत गेलं, जालन्याच्या कोर्टात खेचू, बेअब्रूचा दावा लावू. गावाला पुरेल एवढी बुंदी केलेली होती, ती गाव, भिकारी आणि गुरं मिळून खात राहिले. काकूनं कोर्टाचं ऐकलं तेव्हा ती मांजराला म्हणाली, "खेचा म्हणावं. तिथं तरी बाईला बोलू देतात का बघू." दावा कधी आला नाही. त्यांच्या वकिलानं म्हणे पहिला प्रश्न हाच विचारला, आधीची बायको आहे का? म्हणजे कायद्याच्या बाजूनं काकू सुटली. गावाच्या बाजूनं सुटली नाही. मारुतीच्या पारावर भावकीची माणसं बसली आणि ठरलं की कासाबाईनं इथून पुढं रुखवतात तोंड उघडायचं नाही. दादा त्या बैठकीत खाली मान घालून बसले होते, असं आबाकाका सांगायचे. मला वाटलं होतं सगळे काकूवर तुटून पडले असतील. तसं नव्हतं. भावकीतले सगळ्यांत थोरले बप्पा काकूला चांगलंच म्हणाले. "सुमी वाचली, ते बराबर झालं," ते म्हणाले. "पण गाण्यात काहीबी म्हणायची मुभा कशामुळं व्हती? कुणी खरं धरत न्हाई म्हून. आता धरतील. मंग काय करायचं?"

मला त्या वेळी बप्पांचा इतका राग आला की मी त्यांच्या दारावरून जाताना थुंकायचे. आज माझा नातू मोबाइलवर आमच्या गावचा ग्रुप चालवतो. त्यावर परवा एकानं दुसऱ्याबद्दल काहीतरी टाकलं, ते जिल्हाभर फिरलं, दोघांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं आणि ग्रुपवर आता फक्त नातवालाच लिहिता येतं. नातू मला विचारत होता, आजी, बोलायला मर्यादा पाहिजे का नको? टीव्हीवर याच विषयावर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. मी त्याला म्हटलं, आधी तो टीव्ही बंद कर. मला उत्तर येत नाही असं नाही. मला दोन उत्तरं येतात, आणि दोन्ही आमच्याच गावात पाहिलेली आहेत.

दुसरं उत्तर मी पाहिलं ते पुढच्याच लग्नसराईत. शेजारच्या आळीतल्या पोरीचं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. काकू पाटीमागं मुकाट बसलेली. तिच्या जागी दुसऱ्या एका बाईनं गाणं धरलं. गाणं जुनंच, शंभरदा म्हटलेलं:

नवरदेवाला रातांधळं, दिवा लावा दारी,
नवरीचा हात सोडून धरली म्हशीची दोरी!

कुणी हसलं नाही. सगळ्या बायका नवरदेवाच्या आईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. ती गोंधळून उगीच लाल झाली, आणि ते लाल होणंच पुरलं. कुजबुज मांडवात गेली. पोरीचा बाप घाबरला, त्यानं आमच्या घरचा प्रकार डोळ्यांनी पाहिलेला. त्यानं नवरदेवाला मांडवाच्या खांबाशी उभं केलं आणि संधिप्रकाशात हातात लग्नपत्रिका दिली, वाचून दाखव म्हणाला. पोरगा पत्रिकेकडं बघत राहिला. त्याला दिसत होतं सगळं. वाचता येत नव्हतं. शाळा त्यानं दुसरीतच सोडलेली होती, आणि हे भर मांडवात सांगण्यापेक्षा तो गप्प उभा राहिला. "आंधळाय, आंधळाय" असा गलका झाला. शेवटी कुणीतरी शहाण्यानं सुई-दोरा आणून दिला. पोरानं दोरा ओवला, लग्न लागलं. पण अक्षता पडत होत्या तेव्हा नवरदेव मुंडावळ्यांच्या आड रडत होता. काकू न जेवता घरी आली. मी मागोमाग. ती चुलीपुढं बसून राख नुसतीच इकडची तिकडं करत होती. म्हणाली, "सुमीसाठी गायले त्याचं मला बिलकुल वाईट न्हाई. पुन्यांदा येळ आली तर पुन्यांदा गाईन. पण गावातलं हसणं गेलं गं पोरी. ते माझ्यानं गेलं."

त्यानंतर काकू घरातही कमी बोलायला लागली. गावची रुखवतं मुकी झाली. बायका पाट्या नेऊन ठेवायच्या, कापड उघडायच्या, परत यायच्या. बप्पांची मनाई फक्त काकूला होती, पण गाणं कुणालाच सुचेना. अक्का घरात होती, मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि "ज्या घरात ती गाणारी बाई आहे तेच ना हे घर?" असं बाहेर विचारून परत यायचे नाहीत. अक्कानं काकूला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. पण काकूला ते दिसत होतं, आणि अक्काच्या केसांना तेल लावताना तिचा हात मध्येच थांबून जायचा. तेव्हा मला कासाकाकूची इतकी दया यायची की मी उगीच काहीतरी फोडायचे, म्हणजे ती मला रागं भरेल आणि जरा बोलेल.

अखेर स्थळ आलं ते राजूरकडचं. मुलाला सायकल दुरुस्तीचं दुकान, थोडी जमीन, बाप नाही. आई उंच, काटकुळी, मोठ्या आवाजाची. लग्न साधंच करायचं ठरलं. वऱ्हाड एका जीपमध्ये मावलं, त्यामुळे जानवसा वगैरे काही नाही, आमच्याच अंगणात सतरंजी टाकून बसवलं. अक्का आतल्या खोलीत हळद लावून बसलेली. आईनं आणि मी रुखवताच्या पाट्या आणून ठेवल्या आणि नेहमीप्रमाणं कापड उघडायला वाकलो. विहीणबाईनं आईचा हात धरला.

"मुकं रुखवत काहून उघडता?" ती म्हणाली. "ती कासाबाई कोण ती? मी तिच्यासाठी इतक्या लांबून आल्ते."

आईनं हळूच सांगितलं, तिला पंचांची मनाई आहे. विहीण म्हणाली, "तुमच्या पंचांची. आमच्या न्हाई. येऊ द्या तिला. आमच्यातलं काय खरं असंल ते गाऊ द्या, मी हितंच बसलेय."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पदराला पुसत राहिली, पुसून झाले तरी. मग म्हणाली, "खरं गाण्यात म्हणायचं न्हाई बाई. एकदा म्हणलं, कारण दुसरीकडं म्हणायला जागाच नव्हती. खरं मी असंच इचारते, तोंडावर. इचारू का?"

अंगणात दादा होते, बप्पा होते, दोन्हीकडचे पुरुष होते. मी दादांकडं बघत होते. आता ते मला म्हणतील, सांग तिला, गप बस. ते काही म्हणाले नाहीत. विहीण म्हणाली, "इचारा."

"पोराला आधीची बायको?"

"न्हाई. ठरलंबी नव्हतं कुठं."

"दारू?"

"होळीला पितो. कुणी पाजली तर दिवाळीलाबी."

कुणीतरी हसलं. काकू हसली नाही. "काही दुखणं?"

विहीणबाईचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. तिनं मुलाकडं पाहिलं. तो बाशिंग बांधून मान खाली घालून बसला होता. "ल्हानपणी फिट यायची," ती म्हणाली. "आता लई वर्सं झाली, न्हाई आली. पण यायची."

दादांनी डोळे मिटून घेतले. बप्पा खाकरले. मला वाटलं, संपलं, हेही गेलं. काकू वळली आणि आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून तिनं विचारलं, "सुमे, ऐकलं का?"

आमच्या घरात अक्काला तिच्या लग्नाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. आतून आवाज आला, "ऐकलं."

"मंग?"

सनईवालासुद्धा थांबून बघत होता.

"होऊ द्या," अक्का म्हणाली.

काकूनं सुस्कारा सोडला. मग पदर कमरेला खोचला, त्या काडीसारख्या बाईला खालून वरपर्यंत न्याहाळलं, आणि इतक्या दिवसांनी तिचा हात हवेत गेला:

विहीणबाई जीपात बसल्या, चारी चाकं फसली,
चार बैल जुंपले बाई, तरी न्हाई हालली!

सगळ्यांत आधी विहीणबाईच हसली, मागं रेलून, मांडीवर थाप मारून. मग माझी आई, मग सगळ्या, मग ओट्यावरचे पुरुष तोंड फिरवून. आणि आतल्या खोलीतून, हळदीच्या अंगानं बसलेली माझी बहीण खदखदून हसली, तोंडाला पदर न लावता, अंगणभर ऐकू जाईल अशी. नवरीनं असं हसायचं नसतं. तिला कुणीही गप्प केलं नाही.